कानडे सरांचं 'कावून'

प्रोग्राम चालला नाही तर कुठलाही शिक्षक विचारतो, का चालला नाही? आमचे कानडे सर मात्र चालणाऱ्या प्रोग्रामपाशी थांबायचे. पोरं आठवडाभर डोकं खाजवून कशीबशी स्क्रीनवर उत्तर बरोबर आणायची, एकमेकांना टाळी द्यायला वळायची, तर मागे सर उभे. मान तिरपी, एक डोळा बारीक, हात पाठीशी.

"चाललं?"

"चाललं, सर."

"कावून?"

कावून म्हणजे का. पण आपल्या 'का'मध्ये साधी विचारणा असते, सरांच्या 'कावून'मध्ये पंचनामा असायचा. न चाललेल्या प्रोग्रामवर ते कधी रागावले नाहीत. "ते बिचारं खरं बोलायलंय," म्हणायचे. "चाललेल्याचं मला भ्या वाटतं. ते गोड बोलायलंय."

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. बीडच्या बसस्टँडच्या भिंतीवर आधी गुप्तरोगाच्या आणि सरकी पेंडीच्या जाहिराती असायच्या. त्यांच्या जागी 'तीन महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हा' असं रंगवलेलं दिसू लागलं होतं. शहराबाहेरच्या माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं होतं, म्हणजे इमारत उभी राहिली होती, बाकीचं येत होतं. चपला बाहेर काढून आत जायचं अशा दोनच जागा त्या बाजूला होत्या, एक महादेवाचं देऊळ आणि दुसरी आमची कॉम्प्युटर लॅब. दोन्हीकडे आत गेल्यावर दर्शन होईलच अशी खात्री नसे, कारण वीज कधी जाईल सांगता येत नव्हतं.

मी मुळे. त्याच विभागात शिकवत होतो. संशयी मीही आहे, पण माझा संशय चारचौघांसारखा. प्राचार्यांच्या केबिनमधून कोण हसत बाहेर आलं, कोण कोणाबरोबर चहाला गेलं, माझ्या पाठीमागे काय बोललं गेलं. कानडे सरांचा संशय निराळा होता आणि तो निराळा आहे हे कळायला मला बराच वेळ लागला.

मन्मथ कानडे मूळचे केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचे. वडिलांचं किराणा दुकान. पुण्यात एका कंपनीत नोकरी करत होते, तिथं काम तपासायचं स्वतंत्र खातं होतं आणि सर त्या खात्यात होते. म्हणजे माशाला पाण्यात राहायचा पगार मिळत होता. मग वडील गेले. दुकान बंद झालं, आई गावात एकटी राहिली. तिला पुण्याला न्यायचं तर तिचं म्हणणं, पुण्याचं पाणी पचायला हलकं आहे असं सगळेच सांगतात, म्हणजे त्यात काहीतरी असणार. शेवटी सरच बीडला आले, आमच्याकडे हंगामी लागले. आईनं सांगितलं, "नोकरी पक्की झाली की येते. हंगामीच्या भरवशावर मी घराला कुलूप लावू व्हय?"

हे मला त्यांच्या खोलीवर कळलं. खोली कसली, दोन खोल्या होत्या. एकटा माणूस दोन खोल्या कशाला घेतो, म्हणून मी डोकावलो. आतल्या खोलीत नवा लोखंडी पलंग, त्यावर नवी गादी, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. खिडकीत तुळशीची कुंडी. "आईची खोली," सर म्हणाले आणि प्लास्टिकवरची धूळ हातानं पुसली. ते स्वतः बाहेरच्या खोलीत चटईवर झोपायचे. पलंगावर का झोपत नाही विचारलं, तर म्हणाले, "तिला कळंल. गादी दाबून बघंल ती."

म्हणजे हे घराणंच तसं होतं.

सरांकडे दोन घड्याळं होती, एक मनगटावर, एक खिशात. दोन्हींत फरक पडला तर ते शांतपणे तिसरीकडे विचारायचे. दोन्ही सारखी वेळ दाखवू लागली की अस्वस्थ व्हायचे. "मुळे सर, दोघं मिळून चुकत असले तर?" केजच्या बसमध्ये बसायचं तर आधी पाटी वाचायचे, मग ड्रायव्हरला विचारायचे, मग कंडक्टरला, आणि सीटवर बसल्यावर शेजारच्या बाईला. शेजारची बाई 'केज' म्हणाली की निवांत व्हायचे. तिलाही तिथंच पोचायचं, म्हणजे तिनंही तपासलेलं असणार, असं त्यांचं गणित होतं.

कॅन्टीनच्या दगडूमामाशी तर त्यांचं वाजलंच. मामाचा चहा म्हणजे आम्ही गरम म्हणून प्यायचो. एके दिवशी तो खरोखर फक्कड झाला. आम्ही दोन दोन कप घेतले. सर एक घोट घेऊन उठले आणि थेट भट्टीपाशी गेले.

"मामा, आज चहा चांगला झालाय."

मामा खूश. "व्हय ना, सर."

"कावून?"

मामाचा चेहरा उतरला. "म्हंजी? रोज वंगाळ असतो काय?"

"त्ये तुमालाबी म्हाईत हाय. आज काय बदललं? दूध? पत्ती? पाणी कुठलं?"

मामानं पातेलं आपटलं. चांगला चहा करूनही चौकशी होते म्हणून तो सगळ्या स्टाफपुढे बोलला. दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा नेहमीसारखा. मामाचा राग गेल्यावर कळलं, आदल्या दिवशी टँकर दुसऱ्या विहिरीवरून आला होता. सर कप खाली ठेवून हळहळले. "कालच कारण कळलं असतं, तर आजबी चांगला प्यालो असतो."

हेच ते पोरांना शिकवायचे. विषयाचं नाव सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. बाकीचे आम्ही पुस्तकातल्या आकृत्या काढून तो संपवायचो. सरांनी शेवटच्या वर्षाचे चार-चार जणांचे गट केले आणि सांगितलं, "प्रोग्राम सुधरायचा न्हाई. प्रोग्राम करायची रीत सुधरायची. चूक पकडली अन् दुरुस्त केली, हे अर्धंच काम झालं. ती घरात कोणत्या दारानं आली ते दार शोधा." एका गटाचं काम दुसऱ्या गटानं तपासायचं. लॅबमध्ये एक फळा टांगला, त्याला पोरं चूक-फळा म्हणत. त्यावर चूक काय, कशी सापडली आणि कोणत्या दारानं आली ते लिहायचं. विचार करताना, लिहिताना, की एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर घेताना. फक्त एक गोष्ट लिहायची नाही. नाव.

त्या बाबतीत सर हट्टी होते. कोणी "सर, हे शेंडगेनं केलं" असं म्हणू लागलं की सर दोन्ही कानांत बोटं घालायचे. भर वर्गात, इंजिनिअरिंगचा प्राध्यापक, कानांत बोटं घालून, डोळे मिटून उभा. सांगणारा गप्प होईपर्यंत तसाच. मग बोटं काढून म्हणायचे, "हं. कसं झालं ते सांग." मला हे नाटक वाटायचं. या माणसाला सगळी नावं माहीत असणार आणि योग्य वेळी तो ती बाहेर काढणार, अशी माझी खात्री होती. स्टाफरूममध्ये मी तसं बोललोही होतो.

सुधारणा दिसली पाहिजे म्हणून सरांनी मार्क ठेवले. दुसऱ्याच्या चुका पकडाल तर मार्क, आणि तुमच्या कामातल्या चुका आठवड्यागणिक कमी होत गेल्या तर जास्त मार्क. त्याचा आलेख काढायचा, तो भिंतीवर लावायचा.

आलेख निघाला. काय सुंदर निघाला. पहिल्या आठवड्यात चुकांचा डोंगर, मग प्रत्येक गटाची रेघ मांजरसुंब्याचा घाट उतरावी तशी सरळ खाली. प्राचार्यांनी तो पाहिला आणि फ्रेम करून स्वतःच्या केबिनमध्ये टांगला. विद्यापीठाची कमिटी यायची होती. कॉलेजची मान्यता पुढे चालू राहायची तर काहीतरी वेगळं दाखवायला हवं होतं आणि आमच्याकडे ग्रंथालयाच्या उद्घाटनाच्या फोटोशिवाय दाखवण्यासारखं काही नव्हतं. कमिटी गेली की कानडे सरांना कायम करायचं, असं प्राचार्यांनी सर्वांसमोर सांगितलं. सरांनी त्याच दिवशी आईला निरोप धाडला. त्या आठवड्यात त्यांनी खिडकीला पडदाही लावला.

आणि मग त्यांची मान तिरपी झाली.

"मुळे सर, एवढी सरळ उतरण कावून?"

"अहो, तुम्ही शिकवलंत म्हणून."

"माझ्या शिकवण्यानं एवढं होत न्हाई. मी बसलोय ना त्या वर्गात."

ते लॅबमध्ये जाऊन फळ्यापुढे उभे राहिले आणि एकेक चूक वाचू लागले. वाचता वाचता एका जागी थांबले. तिथं एका गटानं लिहिलं होतं, 'प्रोग्राम चालवून पाहिला, तिसऱ्या स्क्रीनवर अडकला.' तारीख मंगळवारची. मंगळवारी आमच्याकडे दिवसभर वीज नव्हती. बॅटऱ्या सकाळीच बसल्या होत्या, लॅबला कुलूप होतं आणि आम्ही सगळे लिंबाखाली बसून शेंगा खाल्ल्या होत्या. पोरंही होती. सरही होते.

सरांनी सगळ्या गटांना बोलावलं. मीही गेलो, तमाशा चुकवायचा नव्हता.

"मंगळवारी लाईट न्हवती," सर म्हणाले. "प्रोग्राम चालला कावून?"

मग लिंबागणेशकडचा शेंडगे उठला. घरी मेंढरं, हा घरातला पहिला इंजिनिअर होणारा, अंगानं दांडगा आणि वर्गाचा पुढारी. मान खाली घालून तो म्हणाला, "सर, ते मीच—"

सरांची बोटं कानांत.

शेंडगे थांबला. बोटं बाहेर आली. "नाव नको. कसं झालं ते सांग."

आता नाव न घेता कबुली द्यायची म्हणजे पोरांची पंचाईत. पण वर्षभर त्यांना तीच सवय लागली होती. शेंडगे म्हणाला, "सर, चुका पेरल्या जातात."

"कधी?"

"सोमवारी, सर. पयल्या आठवड्यात लई पेरल्या जातात. मग दर आठवड्याला कमी. कुठं पेरल्या ते शेजारच्या गटाला सांगितलं जातं. त्यांना पकडल्याचे मार्क पडतात, आपल्याला कमी झाल्याचे. मग त्यांच्या पेरल्या जातात, त्या आपल्याला सांगितल्या जातात."

"अन् खऱ्या चुका?"

"त्या हायेत तिथंच हायेत, सर. त्या बघायला टाइमच भेटला न्हाई."

मला हसू आवरेना. चाळीस पोरांनी मिळून चुकांचा बाजार भरवला होता, उधारी नाही, फसवाफसवी नाही, चोख व्यवहार. फक्त त्या मंगळवारी वीज गेल्याचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही आणि ठरल्या वारी चूक 'पकडली' गेली. मला वाटलं, सर आता पेटतील. सर फळ्याजवळच्या स्टुलावर बसले आणि डोळे मोठे करून पोरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लई हुशार हाव बे तुमी. मी मार्क चुकीच्या जागी ठेवले अन् तुमी बरोबर त्या जागी आलात. दार मीच उघडं ठेवलं की." आणि खडू घेऊन फळ्यावर त्यांनी नवी चूक लिहिली: 'काम सुधारलं नाही, आलेख सुधारला. दार: मार्क देण्याची रीत.'

कमिटी दुसऱ्या दिवशी येणार होती.

सर प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, आलेख भिंतीवरून उतरवा. प्राचार्य काही वाईट माणूस नव्हते, कॉलेज बंद पडू नये एवढीच त्यांची धडपड होती. त्यांनी दार लावून सरांना बसवलं, मला साक्षीला बसवलं. "कानडे, दोन रस्ते आहेत. एक तर गप्प बसा. आलेख आहे तिथं राहू दे, परवा तुमची ऑर्डर निघते. गप्प बसवत नसेल, तर ज्या पोरांनी केलं त्यांची नावं द्या. आपण त्यांच्यावर कारवाई करू आणि कमिटीला सांगू, बघा, आमच्या पद्धतीनं लबाडी पकडली. तरीही तुमची ऑर्डर निघते." नावं दिली की पोरांचं वर्ष जाणार, हे तिघांनाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी शेंडगे माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला. "सर, कानडे सर नावं देतील का?"

मी म्हणालो, "देतील. कोणीही देईल. त्यांच्या आईसाठी पलंग घेऊन ठेवलाय त्यांनी." मला खरंच तसं वाटत होतं, आणि त्यांनी तसं करावं असंही वाटत होतं.

कमिटी आली. तिघं होते, त्यातले वयस्कर प्राध्यापक अध्यक्ष. केबिनमध्ये चिवडा, पेढे, नवा टेबलक्लॉथ आणि भिंतीवर तो आलेख. अध्यक्ष चष्मा सारखा करून आलेखासमोर उभे राहिले. "वा. हे कोणी केलं?"

प्राचार्यांनी सरांकडे बघितलं. सर पुढे झाले.

"सर, ही उतरण खोटी आहे," ते म्हणाले, प्रसंगाला साजेशा पुस्तकी मराठीत. "मुलांनी चुका मुद्दाम घातल्या आणि मुद्दाम कमी केल्या. मी मार्क असे ठेवले होते की तसं करणंच शहाणपणाचं होतं. रीत माझी होती. पुढच्या वर्षीसाठी मी ती बदलली आहे, ती दाखवू का?"

पेढ्यांची ताटली कोणीतरी अर्ध्यावर धरून उभं होतं, ती तशीच राहिली. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे विद्यार्थ्यांनी लबाडी केली. कोण कोण होते?"

आणि कानडे सरांनी कानांत बोटं घातली.

विद्यापीठाच्या कमिटीसमोर. दोन्ही कानांत. डोळे मिटून. अध्यक्षांना आधी वाटलं कानाला काही झालं. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. सरांनी बोटं आणखी आत घातली. प्राचार्य घामाघूम होऊन म्हणाले, "त्यांना थोडं बरं नाहीये." शेवटी अध्यक्षांनी नाद सोडला आणि सगळे ग्रंथालयाचे फोटो बघायला गेले.

पोरांची नावं कोणालाच कळली नाहीत. मलाही प्राचार्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं. कॉलेजला एक वर्षाची मुदत मिळाली. कानडे सरांची ऑर्डर निघाली नाही, आणि वर्ष संपल्यावर हंगामी नेमणूकही पुढे चालली नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. या माणसानं घड्याळावर संशय घेतला, चहावर घेतला, बसच्या पाटीवर, चाललेल्या प्रोग्रामवर, स्वतःच्या शिकवण्यावर घेतला. माणसावर कधी घेतला नाही. आम्ही बाकी सगळे घड्याळ बघून निर्धास्त असायचो आणि एकमेकांकडे चोरून बघायचो. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं, कारण आता ती आतली खोली तशीच रिकामी राहणार होती.

ते गावी निघाले तेव्हा मी स्टँडवर गेलो. मला वाटलं होतं मी एकटाच असेन. सर बीडमध्ये कोणाकडे जात नसत, त्यांच्याकडेही माझ्याखेरीज कोणी येत नसे. केजची गाडी लागली होती आणि तिच्या टपावर शेंडगे चढून पलंग बांधत होता. खाली सगळे गट. गादी वर देणारे, कुंडी धरलेली पोरगी, पाण्याची बाटली भरून आणलेले. दगडूमामा किटली घेऊन आला होता.

सर खालून वर बघत होते. "गाठ कशी मारली?"

"मेंढरं बांधतो तशी, सर."

"ओढून बघ."

शेंडगेनं ओढून दाखवली. "अजून एकदा." त्यानं अजून एकदा ओढली. मग तो खाली उतरला आणि सरांसमोर उभा राहिला. ओठ हलत होते. "सर, ते मी—" सरांच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात मामाच्या चहाचा कप. कानांत बोटं घालायची सोय नव्हती. ते घाईनं म्हणाले, "पाटी केजचीच हाय ना, बघून ये बरं." शेंडगे डोळे पुसत पाटी बघायला गेला.

सर खिडकीत बसले. चहाचा घोट घेतला, कपाकडे बघितलं, पण मामाला काही विचारलं नाही. मग शेजारच्या बाईला विचारून झालं, ती केजलाच निघाली होती. तरीही त्यांचं समाधान दिसेना. मान तिरपी करून ते बाहेरच्या घोळक्याकडे बघत होते. त्यांनी मला खुणेनं खिडकीपाशी बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"मुळे सर, आज कॉलेजला सुट्टी हाय काय?"

"नाही."

"मग एवढे लोक हितं कावून आलेत?"

"तुम्हाला सोडायला."

ते माझ्याकडे बघत राहिले. पहिल्याच झटक्यात चाललेल्या प्रोग्रामकडे बघायचे, तसे. "मला?"

"हो. तपासून बघा हवं तर."

त्यांनी खरंच तपासलं. एकेका चेहऱ्याकडे पाहत गेले, शेंडगेकडे, कुंडीवाल्या पोरीकडे, मामाकडे, शेवटी माझ्याकडे. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली, टपावरचा पलंग थोडा करकरला, गाठ टिकली. सरांनी खिडकीबाहेर हात काढला आणि गाडी वळेपर्यंत तो तसाच बाहेर ठेवला. कावून, असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.